सदतीस क्रमांकाचे रक्त

सदतीस क्रमांकाच्या स्वयंसेवकाच्या रक्तात वाय गुणसूत्र नव्हते. रक्त तीन वेळा काढले गेले, तिन्ही वेळा मी स्वतः काढले, आणि सदतीस क्रमांकाचा स्वयंसेवक हा सहा फूट उंचीचा, दिवसाआड दाढी करणारा पुरुष होता.

आमची पहिली भेट झाली ती त्याने मला खोलीबाहेर काढले म्हणून. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर एक लहानशी खोली आहे. तिला खिडकी नाही, पंखा नाही. दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत एकच तराजू असतो, मिठाचा कण तोलणारा. त्या दुपारी मी माझी वही न्यायला आत शिरले, तर पांढरे सुती हातमोजे घातलेला एक अनोळखी माणूस ओट्यावर वाकलेला. चिमट्यात नखाहून लहान वजन धरलेले.

"श्वास रोखा, नाहीतर बाहेर जा," तो मान वर न करता म्हणाला.

हा तराजू माझ्या संशोधनाचा आहे, ही खोली माझ्या ताब्यात आहे आणि परवानगी घ्यायची तर ती त्याने घ्यायची, असे मी त्याला सुनावले. चांगले खणखणीत सुनावले.

"तुमचा आहे हे तराजूला कळलेलं दिसतंय," तो म्हणाला. "तुम्ही आल्यापासून दशांशाचा चौथा आकडा ठरत नाहीये."

मी बाहेर पडले. दार लावताना मागे पाहिले, तेव्हा कुठे त्याने मान वर केली. तो मला आवडला नाही; त्याचे डोळे हसरे आहेत हे मात्र लक्षात राहिले. या दोन नोंदींचा परस्परसंबंध मी तेव्हा तपासला नाही.

तो तराजू तपासनीस होता. प्रयोगशाळा, औषधांची दुकाने, सोन्याच्या पेढ्या, जिथे जिथे तोलले जाते तिथे वर्षातून एकदा जाऊन तोलणाऱ्यालाच तोलून पाहायचे आणि मोहोर लावायची, हे त्याचे काम. काकूंनी लगेच त्याचे बारसे केले: तराजूवाला. काकू आमच्या साहाय्यक. तीस वर्षे याच प्रयोगशाळेत बाटल्या धुऊन, लेबले चिकटवून आणि माणसे ओळखून त्यांचे केस पिकले आहेत.

"माणूस चांगला दिसतोय," त्या म्हणाल्या.

दिसणे हे मोजमाप नव्हे, असे मी उत्तर दिले. त्यावर काकूंनी दुधाने पोळलेल्या तोंडाची आणि फुंकून प्यायच्या ताकाची म्हण ऐकवली, आणि ती अस्थानी नव्हती. मागच्या प्रकल्पात माझ्याबरोबर एक सहकारी होता. त्याच्याशी लग्न करायचे मी जवळजवळ ठरवले होते. त्याची निरीक्षणे फार देखणी असत. इतकी, की एके दिवशी मला शंका आली. तो ती प्रयोगाच्या आधीच टेबलावर बसून लिहीत असे. तेव्हापासून नीटनेटक्या आकड्यांपासून आणि नीटनेटक्या पुरुषांपासून मी हातभर अंतर राखून होते.

आता संशोधनाविषयी थोडे सांगायला हवे. एकच औषध, एकच मात्रा. एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही, तिसरा दोन दिवस गुंगीत पडतो. याचे कारण पुष्कळदा यकृतात असते. तिथले एक विकर, म्हणजे एन्झाइम, कितीतरी औषधांचे विघटन करते. हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. काही माणसांत दोन्ही निकामी असतात. आम्ही शंभर स्वयंसेवकांना साध्या खोकल्याच्या औषधाचा एकेक चमचा देत होतो आणि आठ तासांच्या लघवीतून पाहत होतो, की यकृताने त्यातले किती मोडले. रक्तातून जनुक वाचत होतो. दोन्ही उत्तरे जुळली, की त्या माणसाला एक कार्ड मिळणार होते: कोणतेही औषध घेण्यापूर्वी हे डॉक्टरांना दाखवा. यात माझी तीन वर्षे गेली होती.

तो पहिल्यांदा आला त्याच दिवशी सदतीस क्रमांकाची बाई आयत्या वेळी आली नाही. काकू मार्गिकेत उभ्या राहून हळहळत होत्या. वजने पेटीत ठेवता ठेवता तो म्हणाला, "मी चालेन का?"

अर्ज त्याने हातमोजे काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, मगच हातात घेतला. मला ते आवडले. नवव्या प्रश्नाशी त्याचे पेन थांबले. प्रश्न असा होता: गेल्या पाच वर्षांत मोठा आजार, शस्त्रक्रिया किंवा रक्त चढवण्याचा प्रसंग आला आहे काय?

"पाचच?" त्याने विचारले.

"विचारलंय तेवढंच लिहा. जास्तीचं लिहिलं की गोंधळ होतो."

"कुणाचा?"

"संगणकाचा," मी म्हणाले.

त्याने 'नाही' असे लिहिले आणि खाली सही केली. रक्त मी काढले. मग औषधाचा चमचा, आणि मग आठ तास.

प्रेमकथांमध्ये नायक हातात लघवीची बाटली घेऊन मार्गिकेतून लाजत जातो, असे माझ्या वाचनात नाही. तो मात्र चार वेळा गेला, आणि चौथ्या वेळी लाजलासुद्धा नाही. मधल्या वेळात त्याने प्रश्न विचारले. आपल्याकडच्या दोन्ही प्रती निकामी आहेत हे माणसाला कसे कळते?

"कळत नाही. औषध पोटात जाईपर्यंत काही म्हणजे काही कळत नाही."

"म्हणजे प्रेमासारखंच."

"नाही. यकृतासारखंच."

तो इतका मनापासून हसला की मला खिडकीबाहेर पाहावे लागले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन माझ्या टेबलावर होता, त्यामुळे पडद्यावरची अक्षरे मी वाचली नाहीत असे म्हणता येणार नाही. 'मालकीण'.

"हो, जेवलो. हो, हात धुतले. येतो, येतो... किती चौकशा करशील," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सवयीची माया होती. ठेवताना तो माझ्याकडे पाहून हसला, जणू मलाही ते ठाऊक असावे.

मी नोंद केली. विचारले नाही.

तराजूचे प्रमाणपत्र वर्षभर चालते. तो पुढच्या दोन महिन्यांत तीन वेळा आला. पहिल्यांदा ओट्याची पातळी पाहायला. दुसऱ्यांदा विसरलेला चिमटा न्यायला. तो चिमटा काकूंच्या मते विसरलेला नसून पेरलेला होता. तिसऱ्या वेळी तो दारात उभा राहिला, खांद्यांवर भुरभुर पावसाचे थेंब.

"आज काही कारण सुचलं नाही," तो म्हणाला. "म्हणून तसाच आलो."

आम्ही बसथांब्यापर्यंत एकाच छत्रीतून गेलो. छत्री त्याची होती आणि भिजला तोच; डावा खांदा, कोपरापर्यंत. मी तेही पाहिले. घरी जाऊन नाडी मोजली तर मिनिटाला अठ्ठ्याण्णव. जिना चढल्यामुळे, असे मी स्वतःला सांगितले. मी तळमजल्यावर राहते.

आणि मग निकाल आले.

सदतीस क्रमांकाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. त्याच्या शरीराने मात्र औषध व्यवस्थित मोडले होते, धडधाकट माणसासारखे. कमीजास्त असते तर मी समजू शकले असते. पण कारखानाच नाही आणि माल तयार, हे शक्य नव्हते.

बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी त्याला पुन्हा बोलावले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकूंना शेजारी उभे केले, रक्त त्याच्या हातातून बाटलीत उतरताना दोघींनी पाहिले, बाटली माझ्या मुठीतून यंत्रापर्यंत गेली. त्याने एका शब्दाने काही विचारले नाही, फक्त बाही खाली करताना म्हणाला, "माझं रक्त तुम्हाला फार आवडलेलं दिसतंय." मी हसले नाही. या वेळी यंत्राकडून मी आणखी एक साधी तपासणी करून घेतली. लेबले चुकली तर पकडता यावीत म्हणून नमुना बाईचा की पुरुषाचा, आणि दोन नमुने एकाच व्यक्तीचे आहेत का, हे आम्ही पाहतो. ती शंभर जणांची एकदम, शेवटी व्हायची होती. मी त्याचे तिन्ही नमुने लावले.

तिन्ही बाईचे. तिन्ही एकाच बाईचे.

विभागप्रमुखांना आम्ही सर म्हणतो. सरांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. पहिल्या दोन वेळा त्याने बाटली बदलली असेल, असे ते म्हणाले. तिसऱ्या वेळी ते शक्य नव्हते, असे मी सांगितले. सरांचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते जास्त वाईट होते.

"रक्त तू काढलंस. बाटली तू बंद केलीस. लेबल तू लावलंस. त्याने बदललं नाही म्हणतेस. मग राहिलं कोण?"

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"सोमवारी समितीपुढे कारण ठेवावं लागेल. कारण नसेल तर नाव ठेवावं लागेल. त्याचं की तुझं, ते तू ठरव."

त्या वाक्याचा अर्थ मला नीट कळत होता. माझे नाव गेले तर तीन वर्षांचे काम गेले, नव्याण्णव लोकांची कार्डे गेली. त्याचे नाव गेले तर तो खोटा ठरला. आणि खोटेपणाचा एक ठपका आला की तराजू तपासनिसाचा परवाना जातो. ज्याची मोहोर लोकांनी डोळे झाकून मानायची, त्याच्यावरच डाग. तो गुरुवार होता.

काकूंना मी सगळे सांगितले. त्या बाटल्या पुसत होत्या. "त्या मालकिणीचं रक्त असेल," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण तुझ्या डोळ्यांदेखत त्याच्या दंडातून कसं येईल गं?"

मला तेव्हाच सुचायला हवे होते. उत्तर पाठ्यपुस्तकात आहे, मी ते शिकवलेले आहे. पण संशयाला एक खोड असते: तो आधी माणूस शोधतो, कारण नंतर. आणि मी तर त्या अक्षरांवर दोन महिने जळत होते. 'मालकीण.' असे नाव माणूस घरी कुणाला देतो?

शुक्रवारी मी त्याला तराजूच्या खोलीत बोलावले. तिथे कुणी येत नाही. तो आला, दार लावले, हात धुतले आहेत हे मला दाखवल्यासारखे तळवे पुढे केले, आणि माझा चेहरा पाहून ते खाली घेतले.

"तुमच्या रक्तात एक बाई आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही. दगडी ओट्याला टेकला.

"कळलं तर तुम्हाला," तो म्हणाला.

माझा संशय खरा ठरत होता, आणि मला खोटे ठरायचे होते, हे मी नमूद करते.

"कोण आहे?"

"मालकीण." त्याने शर्टाचे वरचे बटण काढले. गळ्याच्या हाडाखाली एक जुना व्रण होता, नळीच्या तोंडाएवढा. "नऊ वर्षांचा होतो. रक्त बिघडलं होतं माझं. डॉक्टरांनी माझी अस्थिमज्जा औषधांनी जाळून टाकली आणि बहिणीची घातली. ती अकरा वर्षांची होती. तेव्हापासून माझ्या हाडांत तिचंच रक्त तयार होतं. ती म्हणते, मी भाडेकरू आणि ती मालकीण. भाडं म्हणून रोज फोन करायचा... हात धुतले का, जेवलास का."

तराजूवरचा चौथा आकडा सारखा बदलत होता.

"हे अर्जात का लिहिलं नाही?"

"तुम्ही पाच वर्षं विचारलीत. याला एकोणीस झाली. मी विचारलं होतं, पाचच का म्हणून."

विचारले होते. मीच म्हणाले होते, विचारले आहे तेवढेच लिहा.

"पण नंतर? छत्रीत? बसथांब्यावर? तेव्हा तरी...?"

"तेव्हा सांगायचं होतं," तो म्हणाला. "पण हे कळलं की लोक माझ्याशी आवाज उतरवून बोलतात. तडा गेलेला कप उचलावा तसं. तुम्ही पहिल्याच दिवशी मला झापलंत. फार बरं वाटलं होतं."

एखादी दुसरी मुलगी इथे रडली असती, किंवा तिने त्याचा हात धरला असता. मी म्हणाले, "मला हे तपासावं लागेल. सोमवारी समितीपुढे कारण द्यायचं आहे, नाहीतर नाव... तुमचं किंवा माझं."

"तपासाच. न तपासता मोहोर लावलीत तर मलाच चालणार नाही."

यकृतापर्यंत पोहोचायची गरज नव्हती. रक्त बहिणीचे झाले तरी केसांची मुळे त्याचीच राहिली असणार. मी तसे सांगितले: केस हवेत, मुळासकट, पाच.

"केसानं गळा कापायचा विचार नाही ना?"

"अजून ठरवलेलं नाही."

तो स्टुलावर बसला. मी निर्जंतुक चिमटा घेतला आणि डावा हात त्याच्या कपाळावर टेकवला. कपाळ गरम होते. त्याने डोळे मिटले. पहिला केस निघाला, दुसरा निघाला; तिसरा चिमट्यातून निसटला.

"काय झालं?" डोळे न उघडता त्याने विचारले.

"काही नाही. चौथा आकडा ठरत नाहीये."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मी उरलेले केस मोजून काढले. मोजून, म्हणजे सावकाश.

शनिवारी मालकीण स्वतः आली, रक्त द्यायला. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, आल्या आल्या तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "श्वासानं तराजू हलवणारी ती तुम्हीच का?" तिने विचारले, आणि भावाकडे वळून म्हणाली, "तुला रक्त दिलं, थोडी अक्कलही द्यायला हवी होती. बाईंना आधीच सांगितलं असतंस तर तीनदा सुई खावी लागली नसती."

मी तिला एकच प्रश्न विचारला, या वेळी कालमर्यादा न घालता. खोकल्याचे औषध घेतल्यावर आजवर कधी काही झाले आहे का?

तिचा थट्टेचा सूर गेला. एक चमचा घेतला की ती दोन दिवस उठत नसे. लहानपणी शाळा बुडे, आता नोकरीवर दांड्या. घरचे म्हणत, हिची नाटके आहेत. तिलाही हळूहळू ते खरे वाटू लागले होते.

"नाटकं नाहीत," मी म्हणाले. "तुमच्या यकृताला ते मोडताच येत नसणार. उद्या खात्री होईल."

तिने दंडावरचा कापूस काढून टाकला. मग भावाला म्हणाली, "आईला फोन लाव."

रविवारी निकाल आले. केसांच्या मुळांत वाय गुणसूत्र होते आणि जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत होत्या. बहिणीच्या रक्तात दोन्ही निकामी. तिचे रक्त आणि सदतीस क्रमांकाचे रक्त यांत एका अक्षराचाही फरक नव्हता. मी सगळे पुन्हा एकदा तपासले, सवयीने. मग 'अनेक औषधे कमी मात्रेत' असे लिहिलेले कार्ड बहिणीसाठी तयार केले. रक्ताच्या भरवशावर ते त्याच्या खिशात गेले असते, तर त्याला आयुष्यभर अपुरे औषध मिळाले असते आणि तिला आयुष्यभर जास्त.

सोमवारी समितीपुढे मी अहवाल वाचला. सरांनी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. मला लेखी समज मिळाली, शंभर अर्ज नव्याने भरून घ्यायचे ठरले आणि काम चालू राहिले.

तो खाली तराजूच्या खोलीत थांबला होता. हातमोजे घातलेले नव्हते.

"कुणाचं नाव गेलं?" त्याने विचारले.

"माझं."

"का?"

"वाचायला देईन." मी दार लावून घेतले. "त्याआधी एक सांगायचं आहे. मला तुम्ही आवडता. हे मी तीनदा तपासलं आहे... वेगवेगळ्या दिवशी."

"आणि निकाल?"

"तिन्ही वेळा एकच."

त्याने श्वास रोखला होता, मीही. काचेच्या पेटीत चारही शून्ये स्थिर होती. मग त्याने माझा हात हातात घेतला, आणि ती हलली.

अहवालाचा शेवटचा परिच्छेद असा आहे.

विसंगतीचे कारण: स्वयंसेवक क्र. ३७ याच्यावर एकोणीस वर्षांपूर्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असून दाता त्याची सख्खी बहीण आहे. त्यामुळे रक्तातील जनुक बहिणीचे व यकृतातील जनुक त्याचे स्वतःचे आहे. स्वयंसेवकाने कोणतीही माहिती खोटी दिलेली नाही. प्रश्न क्र. ९ मध्ये विनाकारण पाच वर्षांची मर्यादा घातली होती. स्वयंसेवकाने त्याविषयी विचारणा केली असता त्याला गप्प करण्यात आले. प्रश्न मी लिहिला होता. गप्पही मीच केले होते.